कुमू आणि केइकी

हवाईमध्ये हुला शिकवणाऱ्या गुरूला ‘कुमू’ म्हणतात आणि लहान मुलाला ‘केइकी’. दोन्ही शब्द झाडाझुडपांचेही आहेत. कुमू म्हणजे बुंधा, उगम. केइकी म्हणजे अळूच्या कंदालगत फुटलेले पिल्लूसुद्धा. ऑर्किडच्या दांड्यावर फुटणाऱ्या रोपट्याला बागेचे हौशी लोक ‘केकी’ म्हणतात, तो हाच शब्द. वर्ग भरतो तो ‘हालाउ’त. हालाउ म्हणजे लांबलचक छप्पर. होड्या ठेवायच्या जागेलाही तेच नाव.

‘हुला डान्स’ म्हणणे म्हणजे पिवळा पीतांबर. हुला म्हणजेच नाच, मात्र शब्दांवाचून न होणारा. त्याला ‘मेले’, म्हणजे गीत, लागतेच. पाय ताल धरतात आणि हात मेलेतला पाऊस, लाट, फूल दाखवतात. म्हणून चिमुकल्यांना आधी गीताचा अर्थ सांगावा, हातवारे नंतर. नाहीतर उरते ती नुसती कवायत.

उच्चारांची धास्ती नको. हवाईयन भाषेत व्यंजने जेमतेम आठ, त्यांतले एक म्हणजे घशात क्षणभर अडकलेला श्वास. प्रत्येक अक्षर स्वरान्त. जोडाक्षर औषधालाही नाही. शिवाय वाद्यांची नावे मुलांच्या तोंडी सहज बसणारी. बिया भरलेला, पिसे लावलेला भोपळ्याचा खुळखुळा तो ‘उलीउली’. हातात चिपळ्यांसारखे वाजवायचे गुळगुळीत खडे ते ‘इलीइली’. आपल्या ‘खुळखुळा’तही अक्षरांची तीच दुहेरी गंमत आहे.

सर्वांत प्रसिद्ध नाव मात्र पाहुण्याचे. 1879 मध्ये मादेइरा बेटावरून रेवन्सक्रॅग जहाजाने पोर्तुगीज मजूर होनोलुलूला आले. त्यांच्या ‘माशेत’ या छोट्या तंतुवाद्यातून युकुलेली घडली. तिचा मूळ उच्चार ‘उकुलेले’. ‘उकु’ म्हणजे पिसू, ‘लेले’ म्हणजे उडी; तारांवर भरभर उड्या मारणारी बोटे पाहून हे नाव पडले, असे सांगतात. हवाईच्या राणी लिलीउओकलानी यांना ही पिसू पसंत नव्हती. ‘उकु’ म्हणजे देणगी आणि ‘लेले’ म्हणजे येणे, म्हणून ‘इथवर आलेली देणगी’, असा अर्थ त्या लावत. वर्गात दोन्ही कथा सांगाव्यात. मुले पिसूच निवडतील, पण राणीचा अर्थ वाद्य कुठून आले हे लक्षात ठेवायला उपयोगी पडेल.

या शब्दांना शाळेची दारे सहज उघडली नव्हती. 1896 च्या कायद्याने शाळांत शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरली आणि हवाईयन वर्गाबाहेर गेली. मेले आणि हुलाने मात्र तिचे शब्द चालते ठेवले. 1984 मध्ये ‘पूनाना लेओ’, म्हणजे ‘आवाजांचे घरटे’, या बालशाळा सुरू झाल्या. तिथे शिक्षकांना कुमूच म्हणतात. म्हणून कागदी हार घालून केलेल्या एका दिवसाच्या नाचापेक्षा नीट उच्चारलेले चार शब्द मुलांना हवाईच्या अधिक जवळ नेतील.