रोजगार हमी योजना, महाराष्ट्र

ग्रामीण भागातील प्रौढांना अंगमेहनतीच्या कामाचा कायदेशीर हक्क देणारी राज्य योजना. मूळ कल्पना वि. स. पागे यांची, १९७२ च्या दुष्काळात (पहा : दुष्काळ) तिला व्यापक रूप आले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. खर्चासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहरातला पैसा असा कोरडवाहू शिवारात पोहोचला.

कल्याणकारी खर्च आणि आर्थिक वाढ यांचा सांधा इथे स्पष्ट दिसतो. मजुरांनी टिकाव-घमेल्याने उभारलेल्या पाझर तलावाचे पाणी मुरून खालच्या विहिरींना येते आणि एकाच पिकावर भागवणारे रान रब्बीतही पिकते. १९९० पासून फळबाग लागवडही (पहा : फळबागा) योजनेला जोडली गेली.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचाच अनुभव आधारभूत ठरला.