पब्लिकच्या नावाचं खातं

क्रिकेटच्या इतिहासात दिंडोरीचं नाव कुठं सापडत नाही. ते असायला हवं होतं, असं माझं नम्र मत आहे. पण इतिहास लिहिणारे त्या दिवशी मुंबईला ब्रेबर्न स्टेडियमवर होते आणि मी दिंडोरीत, स्टँडाजवळच्या हॉटेलात, भज्यांच्या परातीपाशी.

साल १९६९, नोव्हेंबर महिना, दिवाळीची सुट्टी. ऑस्ट्रेलियाशी पहिली कसोटी, आपला दुसरा डाव. गडी पटापट पडत होते. वाडेकर अजून उभे होते, म्हणून मंडळींच्या घशाखाली चहा तरी उतरत होता. तेवढ्यात पंचांनी वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. रेडिओवरच्या निवेदकाला काही ते पटलं नाही. बॅटला चेंडू लागलेलाच नाही, असा त्याचा सूर लागला. आणि गंमत अशी, की स्टेडियमवरचे लोकही कानाला ट्रान्झिस्टर लावूनच मॅच बघत होते! झालं. बाटल्या उडाल्या, खुर्च्या पेटल्या. ऑस्ट्रेलियाचा कप्तान लॉरी खेळ थांबवायला तयार होईना आणि धुरामुळं धावा लिहिणाऱ्यांना मैदान दिसेना.

दिंडोरीकरही मागं राहिले नाहीत. चेंडू आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता, पण सव्वाशे मैलांवरून अन्याय मात्र स्वच्छ दिसत होता. एक बाक उलटलं, लिमलेटच्या गोळ्यांची बरणी गेली, तीन कप गेले आणि एक बशी. ती बशी मी फोडली. वय वर्षे बारा; पंचांवरचा राग काढायला हाताशी दुसरं काही नव्हतं.

मालकांनी आधी रेडिओ बंद केला.

"कुणी फोडलं हे?"

"अहो, पब्लिक खवळलं," कुणीतरी म्हणालं.

मालकांनी उधारीची वही उघडली. "पब्लिकच्या नावाचं खातं नाही माझ्याकडं. नावं सांगा."

नावं सांगायची गरजच नव्हती. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "भाऊसाहेब, बरणी तुमची. मास्तर, तुमचे दोन कप." जो फक्त ओरडला होता त्याला एक पैसा लावला नाही. माझ्या बशीपाशी थोरले काका मध्ये पडले. "पोराचं जाऊ द्या हो."

"पैसे कुठं मागतोय? चार दिवस कपबशा विसळायला पाठवा."

भारत आठ गड्यांनी हरल्याचं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं ते कोपरापर्यंत राखेत हात घालून.

मोठ्या मैदानांवर अशी वही फारशी कुणी ठेवली नाही. १९७५ साली वानखेडेच्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं. अभिनंदन करायला एक प्रेक्षक आत धावला, त्याला पोलिसांनी बडवलं आणि त्यावरून दंगा पेटला. हेच लॉइड १९९६ च्या विश्वचषकात कोलकात्याला सामनाधिकारी होते. उपांत्य सामन्यात आपण ८ बाद १२०, स्टँडात जाळपोळ. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा खेळ सुरू करून पाहिला आणि शेवटी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. तो बहुधा त्यांचाच होता म्हणा! पण बाटल्या फेकणारे घरी जेवायला गेले आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. १९९९ ला तिथंच, पाकिस्तानविरुद्ध, उलटा प्रकार. गोंधळ घातला काहींनी, पोलिसांनी बाहेर काढलं सगळ्यांना. पाकिस्ताननं रिकाम्या स्टेडियमवर ४६ धावांनी विजय मिळवला. शेंगदाण्याची पुडी उघडून मुकाट बसलेल्या माणसाचा काय गुन्हा होता, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. आमच्या मालकांची पद्धत जरा दिसली ती २००७ मध्ये वानखेडेवर. अँड्र्यू सायमंड्सला माकडचेष्टा करून चिडवणाऱ्या चौघांना पोलिसांनी नेमकं हुडकून धरलं.

आणि ज्यांच्यासाठी मी बशी फोडली, ते वेंकटराघवन पुढं स्वतःच पंच झाले! ७३ कसोट्यांत त्यांनी लोकांना बाद दिलं. मला कळवलंही नाही.

१९९६ ची ती रात्र मी घरात टीव्हीसमोर काढली. कांबळीचा चेहरा पाहून हातातली बशी मी डोक्यापर्यंत उचलली होती.

"बघा हं," आतून बायको म्हणाली, "आज बाई आलेली नाही."

बशी मी सावकाश खाली ठेवली.