कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे कोण? ब्रिटनमधला वाद नेमका काय?

स्कॉटलंडमध्ये २०१८ साली कायदा झाला: सरकारी मंडळांवर निम्म्या महिला हव्यात. लिंगबदलाचं प्रमाणपत्र असलेल्या ट्रान्स महिलाही यात मोजायच्या, असं तिथल्या सरकारने सांगितलं. त्याविरोधात ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ ही संघटना कोर्टात गेली.

२००४ च्या कायद्यानुसार हे प्रमाणपत्र मिळालं की त्या व्यक्तीचं लिंग कायद्याने बदलतं. दुसऱ्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर. सगळी मेख इथेच आहे. २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जन्माने की प्रमाणपत्राने, हे स्पष्ट नव्हतं.

१६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टातल्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: समानता कायद्यापुरतं लिंग म्हणजे जैविक लिंग. प्रमाणपत्र ग्राह्य धरलं, तर गरोदर ट्रान्स पुरुष कायद्याने ‘पुरुष’ ठरेल आणि गरोदर महिलांसाठीचं संरक्षण गमावेल, हा कोर्टाचा एक मुद्दा. तो खोडणं सोपं नाही.

मग ट्रान्स व्यक्तींचं संरक्षण गेलं का? नाही. ‘लिंगबदल’ हा त्याच कायद्यात स्वतंत्र आधार आहे; त्यावरून नोकरी नाकारणं आजही बेकायदेशीर आहे. पण ट्रान्स महिलेने कोणतं स्वच्छतागृह, रुग्णालयातला कोणता वॉर्ड वापरायचा, हा रोजचा प्रश्न निकालानंतर आणखी चिघळला.