गोठवलेला गर्भ आणि दहा वर्षांची मुदत



आता आपल्या सारंगखेड्यासारख्या गावातल्या लेकी-सुनाही मूल व्हावे म्हणून मोठ्या शहरात उपचाराला जातात. तिथे उरलेले भ्रूण गोठवून ठेवतात. ते कायद्याने कोण, मूल की वस्तू?

१९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी सांगितले की, ५३ दिवस गोठवलेल्या भ्रूणातून एक मुलगी जन्मली. सरकारी समितीने मानले नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तरी पुढची पस्तीस वर्षे देशात असा कायदा नव्हता.

तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतो. नंतर तो नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचा. विक्री हा गुन्हा. म्हणजे आपला कायदा त्याला मूल म्हणत नाही आणि बाजारातला मालही होऊ देत नाही. अमेरिकेत अलाबामाच्या न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला मूल मानले, तेव्हा काही दवाखान्यांनी उपचारच थांबवले. शेवटी तिथे डॉक्टरांना संरक्षण देणारा वेगळा कायदा करावा लागला.

कायदा मुदत ठरवतो, मनाचे समाधान नाही. जीवदया मानणाऱ्या घरात ‘उरलेल्यांचे काय?’ हा प्रश्न दहा वर्षांनी टोचतोच. म्हणून भ्रूण किती तयार करायचे, हे डॉक्टरांशी आधीच बोला. संमतीपत्र हिशेबाच्या वहीसारखे ओळ न ओळ वाचा, मगच सही करा.