शालेय ग्रंथालय आणि ऑनलाइन साधने (ओझर, जि. नाशिक)

शालेय ग्रंथालयात ऑनलाइन साधने वापरायला शिकणे म्हणजे प्रश्न नेमका मांडणे, त्याचे उत्तर जालावर शोधणे, मिळालेला मजकूर पारखणे, तो कुठून घेतला याची नोंद ठेवणे आणि मूळ लेखकाला श्रेय देऊन तो स्वतःच्या शब्दांत लिहिणे. यंत्र सुरू करणे, फाइल जतन करणे, तक्ता आखणे ही कौशल्ये संगणक कक्षात शिकवली जातात आणि तिथेच ती शोभतात. वर सांगितलेले काम मात्र ग्रंथपालाचे आहे. दाखलनोंदवही, वर्गीकरण क्रमांक, तालिका आणि संदर्भसेवा यांतून ग्रंथपाल पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे, माध्यम तेवढे बदलले आहे. म्हणून या शिक्षणाची जागा ग्रंथालय हीच असावी आणि त्याची सुरुवात मुलाच्या परिसरातल्या खऱ्या प्रश्नाने व्हावी, अशी या नोंदीची भूमिका आहे. त्यासाठी निफाड तालुक्यातील ओझर हे गाव उदाहरण म्हणून घेतले आहे.

ओझर मुंबई–आग्रा महामार्गावर, नाशिकपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये येथे आला. त्यासोबत वसाहत आली, देशभरातून कुटुंबे आली, आणि गावाच्या नावाला ‘मिग’ हे शेपूट कायमचे जोडले गेले. दुसरीकडे भोवतालचा मुलूख द्राक्षांचा आणि कांद्याचा. वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या करण्याचे काम ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने केले आणि ते राज्यभर अभ्यासले गेले. इतके सगळे असलेल्या गावातल्या सातवीच्या मुलीने शोधपेटीत नुसते ‘ओझर’ टाकले, तर तिच्यासमोर बहुधा आधी अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे देऊळ येते. ते ओझर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठी आहे. रोमन लिपीत शोधावे तर एकाच गावाची दोन स्पेलिंगे प्रचलित आहेत आणि एका स्पेलिंगने सापडलेले दुसऱ्याने सापडेलच असे नाही. ‘ओझर निफाड’, ‘ओझर मिग’, ‘ओझर पाणीवापर संस्था’ असे शब्द जोडत गेल्यावर उत्तर कसे पालटते, हे तिने स्वतः करून पाहिले की शोधशास्त्राचा पहिला धडा झाला. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पक्का बसतो, कारण चुकीचे उत्तर चुकीचे आहे हे तिला आधीपासून ठाऊक असते. परिसरातला प्रश्न हवा, या आग्रहाचे कारण हेच. ॲमेझॉनच्या खोऱ्याबद्दल जालाने काहीही सांगितले तरी मुलाला ते मान्य करावे लागते. आपल्या गावाबद्दल सांगितले तर तपासता येते.

मराठीत साधने नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली आहे. महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचे वीस खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने खुले केले आहेत. हा ठेवा मुलांपर्यंत पोहोचवला आणि ग्रंथपालाने दुसरे काही केले नाही तरी चालेल, इतका तो मोलाचा आहे. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आणि शासनाचे ‘दीक्षा’ २०१७ पासून उपलब्ध आहे. भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खरगपूरच्या आयआयटीने उभारले. उणीव असेल तर या साधनांचा स्वभाव ओळखण्याची. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्यातली नोंद जाणकाराने लिहिलेली आणि संपादकांनी तपासलेली असते, परंतु ती त्या काळात थांबलेली असते. ओझरच्या मुलाने मिग-२१ विमानांची माहिती जुन्या नोंदीत वाचली तर ती विमाने सेवेत आहेत असाच त्याचा समज होईल. मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. विकिपीडियाचे याच्या उलट आहे. तेथे ताजी माहिती लवकर येते, पण ती कोणी भरली हे लेखावरून कळत नाही. त्यासाठी ‘इतिहास’ या कळीवर टिचकी मारावी लागते. तिथे प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याचे सदस्यनाव ओळीने दिसते. दोन बदलांची तुलना केली तर कोणते वाक्य काढले आणि कोणते घातले तेही रंगाने उठून दिसते. छापील पुस्तकात ही सोय कधीच नव्हती. मुलांना विकिपीडिया वापरू नका असे बजावण्यापेक्षा ही एक कळ दाखवणे अधिक उपयोगाचे आहे.

लिपीचा प्रश्न वेगळा आणि मराठी शाळांचा खास आहे. बहुतेक मुले फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात, आणि तसे शोधले की चांगला मराठी मजकूर दृष्टीआड राहतो. इनस्क्रिप्ट कळफलक हे त्यावरचे टिकाऊ उत्तर. त्यात ‘ओझर’ हा शब्द तीन कळांत उमटतो. शिफ्ट धरून रोमन ‘ए’ दाबला की ‘ओ’, शिफ्ट धरून ‘पी’ दाबला की ‘झ’, आणि शिफ्टशिवाय ‘जे’ दाबला की ‘र’. स्वर आणि मात्रा एकाच कळीवर आहेत, अल्पप्राण खाली आणि महाप्राण वर आहे. बाराखडी येणाऱ्या मुलाला हा कळफलक थोड्या सरावाने हाती बसतो. याच्याशी निगडित दुसरी अडचण जुन्या मजकुराची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेला बराच मराठी मजकूर खासगी फॉण्टांत अडकलेला आहे. डोळ्यांना तो नीट देवनागरी दिसतो, पण नक्कल करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा काला उमटतो. शोधयंत्राला तो काला दिसतो, त्यामुळे तो मजकूर मराठी शोधात येतच नाही. स्कॅन केलेली पाने तर यंत्राच्या लेखी नुसती चित्रे असतात. शिवाय मराठी शब्द विभक्ती लागताना रूप पालटतो. ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीचे’ हे रूप प्रत्येक यंत्र देईल असे नाही, म्हणून शब्द दोन-तीन रूपांत टाकून पाहावा लागतो. इंग्रजीतून तयार झालेल्या प्रशिक्षण पुस्तिकांत यातले काही नसते. मराठी ग्रंथपालाने हे शिकवायचे नाही, तर शिकवणार कोण?

आता प्रश्न ग्रंथपाल स्वतः शिकतो कसा. यासाठी एक परदेशी उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००६ मध्ये हेलेन ब्लोअर्स यांनी ‘तेवीस गोष्टी’ नावाचा उपक्रम आखला. कर्मचाऱ्यांना व्याख्यानाला न बसवता तेवीस लहान कामे दिली, ती आपापल्या सवडीने करून पाहायला सांगितली आणि काय जमले ते लिहून ठेवायला लावले. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी तो आराखडा उचलला आणि कॅलिफोर्नियातील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने तो शाळांसाठी बेतून घेतला. त्यातली बरीच साधने आज बंद पडली आहेत, पद्धत मात्र जिवंत आहे. साधन बदलत राहणार, म्हणून नवे साधन न घाबरता उघडून पाहण्याची सवय शिकायची, हा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्रात मात्र कमी पटाच्या शाळेत ग्रंथपाल अर्धवेळ असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर ते पदच नसते, पुस्तकांचे कपाट एखाद्या शिक्षकाच्या ताब्यात असते. अशा माणसाला एका दिवसाच्या कार्यशाळेत पंधरा संकेतस्थळांची यादी देणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. आठवड्याला एक साधन, तेही स्वतःच्या शाळेतल्या एखाद्या प्रश्नासाठी, एवढे पुरते.

या भूमिकेवर पहिला आक्षेप असा की मुलांना हे सगळे मोठ्यांपेक्षा चांगले येते. फोन चालवणे येते, हे खरे. १४ ते १८ वयोगटावरच्या ‘असर २०२३’ पाहणीत साधारण नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. याच पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. शिवाय स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलींचे प्रमाण मुलांच्या निम्म्याहून कमी होते. जिच्या घरचा फोन भावाच्या हाती जातो, त्या मुलीसाठी ग्रंथालयातला संगणक हा एकमेव हक्काचा दरवाजा असू शकतो. आणि फोन हाताळणे म्हणजे मजकूर पारखणे नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात उच्च प्राथमिक वयाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना ‘प्रायोजित’ असे छापलेली जाहिरातही बातमीच वाटली. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात इतिहासाचे प्राध्यापक आणि स्टॅनफर्डचे विद्यार्थी एकाच संकेतस्थळावर वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि अनेकदा फसले. व्यावसायिक तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी मात्र ते पान लगेच सोडले आणि नव्या खिडकीत त्या संस्थेविषयी दुसरे काय म्हणतात ते पाहिले. ही युक्ती निफाड तालुक्यात लगेच कामी येते. लासलगावचा कांद्याचा भाव म्हणून फोनवर एक आकडा फिरतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर त्याच दिवसाची ओळ उघडली की आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने दिसतात. फिरणारा आकडा कमाल दराचा असला, तर तो थोड्याच मालाला मिळालेला असतो आणि बहुतेकांच्या पदरी सर्वसाधारण दराच्या आसपासच पडते. कांदा पिकवणाऱ्या घरातले मूल हा फरक एकदा शिकले की विसरत नाही.

दुसरा आक्षेप साधनसामग्रीचा. संगणक तुटपुंजे, वीज जाते, जोडणी मंद, मग शिकवणार कशावर? या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा ‘आधी यंत्रे घ्या’ हा निष्कर्ष अनुभवाला धरून नाही. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या जागतिक मोहिमेचा भारतातला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावात झाला. देशभर तो पसरला नाही. पेरू देशाने हीच यंत्रे मोठ्या प्रमाणावर वाटली. तेथील ३१९ शाळांच्या पाहणीत भाषा आणि गणित यांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. यंत्र आणि मूल यांच्यामध्ये शिकवणारा माणूस आणि ठरलेले काम नसेल तर पैसा वाया जातो. उलट एक संगणक, एक प्रक्षेपक आणि चाळीस मुले असतानाही शोध शिकवता येतो. मुले कोणते शब्द टाकायचे ते वहीत लिहितात, मग ते एकेक करून पडद्यावर टाकून पाहायचे. जोडणी नसेल त्या दिवसासाठी ‘किशोर’चे अंक आणि विश्वकोशाच्या नोंदी आधीच उतरवून ठेवता येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पडदा आला की पुस्तक जाते, ही भीती. वर दिलेला वाचनाचा आकडा पाहता तिला हसण्यावारी नेता येत नाही. ज्याला सलग परिच्छेद वाचता येत नाही त्याला शोधाचे दहा निकाल पारखता येणार नाहीत, म्हणून पुस्तक वाचणे ही या शिक्षणाची पूर्वअट आहे. संगणकाच्या खर्चासाठी पुस्तकखरेदी थांबवणारी शाळा दोन्ही गमावते. पण हेही खरे की ऑनलाइन तालिका नीट केली तर कपाटात धूळ खाणारे पुस्तक बाहेर येते. नाशिक ही वाचनासाठी वाटा शोधणारी भूमी आहे. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय, २००९ पासूनचा कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम, आणि ओझरजवळच्या दहाव्या मैलावर महामार्गालगत जेवणाऱ्यांच्या हाती पुस्तक देणारे हॉटेल. या तिन्ही ठिकाणी पुस्तक वाचकाकडे नेले गेले. तालिका फोनवर दिसू लागणे हा त्याच कामाचा पुढचा टप्पा आहे. त्यासाठी ‘कोहा’ ही ग्रंथालय प्रणाली विनामूल्य मिळते. दाखलनोंदवहीतली नोंद त्यात युनिकोड देवनागरीत भरावी, रोमनमध्ये नव्हे, एवढी दक्षता घेतली की पुरे.

अलीकडे उत्तर तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यामुळे शोध शिकण्याची गरजच संपली, असेही बोलले जाते. घडते ते उलट. ही साधने ठाम भाषेत बोलतात आणि लहान गावांबाबत सहज घसरतात. दोन ओझरांची माहिती एकात मिसळलेली ओळखायला तेच पडताळणीचे शिक्षण लागते. मुलांच्या नावाने खाती उघडण्याबाबत शाळेने सावध असावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. विश्वकोश, ‘किशोर’, शब्दकोश आणि विकिपीडिया वाचायला खाते लागतच नाही, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा. स्वामित्वहक्काचा धडाही येथेच द्यावा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांना खुले आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांची कविता शाळेच्या संकेतस्थळावर परवानगीवाचून टाकता येणार नाही.

ओझर परिसरातील शाळांनी पुढच्या वर्षाचे वेळापत्रक आखताना सातवी ते नववीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका द्यावी, ती बदली तासिका म्हणून वापरू नये आणि ग्रंथपालाला तयारीसाठी तेवढाच मोकळा वेळ द्यावा. वर उल्लेखिलेल्या मराठी साधनांपैकी एकाचेही वाचनशुल्क नाही.