हौशी कॅमेऱ्यापुढची मुंबई : १८५४ आणि नंतरची काही वर्षे

१. आज छायाचित्रणाचा छंद लागलेला तरुण आधी पाने-फुले टिपतो, मग घरच्यांचे चेहरे, मग गडकिल्ले आणि लेणी. पोर्ट्रेट, स्थापत्य, प्रवास, दस्तावेज अशी प्रकारांची नावे त्याला आयती मिळतात. पण ही नावे रूढ होण्याआधी ज्यांनी हे सारे प्रकार एकेक करून हाताळून पाहिले, ती मंडळी कोण होती? आजचा थ्रेड मुंबई इलाख्यातील अशाच काही हौशी लोकांविषयी आहे. छंद म्हणून सुरू झालेली गोष्ट पाहता पाहता कुठवर जाते, हेही त्यातून दिसेल.

२. आधी थोडी पार्श्वभूमी. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. तीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याची प्रत निघत नसे. टॅल्बट या इंग्रजाने कागदावर निगेटिव्ह मिळवण्याची रीत काढली आणि १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवरील कलोडियनची रीत प्रसिद्ध केली, आणि तिचे पेटंट घेतले नाही. हौशी माणसाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. काचेमुळे चित्र स्पष्ट येई आणि हव्या तितक्या प्रती निघत.

३. यानंतर तीनच वर्षांनी, १८५४ मध्ये, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. कलकत्ता आणि मद्रास येथील अशाच संस्था १८५६ मधल्या, म्हणजे या बाबतीत मुंबई दोन वर्षे पुढे होती. सदस्यांत लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि सरकारी नोकर होते; मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणी डॉ. भाऊ दाजी लाड हेही होते. संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले, प्रदर्शने भरवली. एकमेकांची चित्रे पाहायची, चुका सांगायच्या, रसायनांची प्रमाणे विचारायची, असा हा व्यवहार होता.

४. त्या काळी हौस किती अंगमेहनतीची होती, याची कल्पना करून पाहा. काच घासून पुसायची. तिच्यावर इथर व अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कलोडियन सर्वत्र सारखे पसरेल असे ओतायचे. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि चित्र घेताच लगेच अंधारात धुवायची. काच वाळली की सारे श्रम फुकट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर इथर झपाट्याने उडून जाई. बाहेरगावी जायचे तर काळोखी खोली तंबूच्या रूपाने सोबत न्यावी लागे.

५. म्हणून प्रवासी छायाचित्रकारांपैकी अनेकांनी कागदी निगेटिव्ह सोडली नाही. मेणवलेला कागद आधीच तयार करून बरोबर नेता येई. काचेइतका बारीक तपशील त्यात येत नसे, पण बैलगाडीच्या धक्क्यांनी तो फुटत नसे. कोणती रीत चांगली, याचे उत्तर चित्राचा विषय आणि वाटेतला प्रवास पाहूनच द्यावे लागे. छायाचित्रणाचे ‘प्रकार’ वेगळे होऊ लागले ते अशा व्यावहारिक अडचणींतून.

६. जुनी छायाचित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही रसायने निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई. कुंकू, तांबडी पगडी, तांबडे लुगडे काळपट येई. माणसाचा सावळा वर्णही प्रत्यक्षापेक्षा गडद दिसे. त्या चित्रांवरून लोकांच्या रंगरूपाविषयी कोणी निष्कर्ष काढू लागला, तर हे त्याला सांगावे.

७. आता पहिला प्रकार, माणसांचे चित्र. विल्यम जॉन्सन हा मुंबईतील सरकारी कारकून. पुढे छायाचित्रणाकडे वळला आणि संस्थेच्या कामातही पुढे होता. १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक निघत असे, त्यामागे जॉन्सन आणि त्याचा सहकारी विल्यम हेंडरसन होते. नावातच ‘हौशी’ हा शब्द आहे. छापखान्यात छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे उन्हात काढलेले खरे छाप अंकात चिकटवले जात, प्रत्येक अंकात तीन. पश्चिम भारतातील माणसे, त्यांचे पोशाख आणि व्यवसाय हा त्यातील एक मोठा विषय होता.

८. हे ज्ञान केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांपुरते राहिले नाही. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. व्यवसाय म्हणून छायाचित्रण करणाऱ्या सुरुवातीच्या भारतीयांत त्यांची गणना होते. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. वैद्यकी सांभाळून त्यांनी हा छंद जोपासला, संस्थेच्या प्रदर्शनात चित्रे मांडली आणि तिच्या कार्यकारी मंडळावर काम केले.

९. नारायण दाजींचे हे स्थान लहान समजू नये. लाड घराणे मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. भावांच्या शिक्षणासाठी मुंबईला आलेले हे कुटुंब श्रीमंत नव्हते. ज्या शहरात बहुतेक भारतीय कॅमेऱ्यासमोर उभे राहत होते, तेथे हा मराठी डॉक्टर कॅमेऱ्यामागे उभा राहिला. रसायनांची भाषा त्याला वैद्यकाच्या शिक्षणातून येत होती. सामायिक छंदामुळे त्याला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीला बसता आले.

१०. दुसरा प्रकार स्थापत्याचा. प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी सरकार चित्रकार नेमत असे. ते काम खर्चिक आणि वेळखाऊ होते. म्हणून १८५५ मध्ये तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज याची मुंबई इलाख्यात छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तू त्याने टिपल्या. पुढे त्याला लष्करी कामावर परत बोलावले गेले आणि डॉ. विल्यम पिगू याने काम पुढे नेले. त्यांच्या चित्रांचे ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. मोठ्या इमारतीचे चित्र मोठेच हवे, आणि छाप निगेटिव्हच्याच आकाराचा निघत असल्यामुळे निगेटिव्हही तेवढी मोठी लागे. कॅमेऱ्याचे ओझे किती असेल, याचा अंदाज यावरून बांधावा.

११. तिसरा प्रकार दुहेरी चित्रांचा, म्हणजे स्टिरिओचा. दोन डोळ्यांतील अंतराप्रमाणे किंचित वेगळ्या जागांवरून दोन चित्रे घ्यायची आणि ती भिंगांच्या पेटीतून एकत्र पाहायची. मग दृश्याला खोली येते. मेजर रॉबर्ट गिल पारोच्या कथेमुळे आपल्याला ठाऊक आहे, छायाचित्रकार म्हणून त्याची ओळख कमी आहे. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. लेण्यांची त्याची स्टिरिओ चित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह ग्रंथरूपाने आली. लेण्यातील खांबांची एकामागची दुसरी रांग सपाट चित्रात हरवते. स्टिरिओत ती उभी राहते.

१२. याच्या पुढची घटना हृदयद्रावक आहे. गिलच्या रंगीत प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि वर्षानुवर्षांच्या श्रमांतील बहुतेक चित्रे जळाली. छायाचित्रांच्या मात्र अनेक प्रती ठिकठिकाणी पोहोचलेल्या होत्या. प्रत काढता येणे या एका गुणाचे मोल अशा वेळी कळते.

१३. चौथा प्रकार जोडचित्रांचा. आपण त्याला आजचे तंत्र समजतो. जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या समाजांवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागची दृश्ये दुसऱ्या ठिकाणची. दोन्ही कौशल्याने जोडलेली. चित्र पाहणाऱ्याला वाटते, हा समाज येथे, असाच उभा असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. छायाचित्रही साधन आहे, आणि साधनाची चिकित्सा करावीच लागते.

१४. येथून आपण मुंबईबाहेर जाऊ, कारण या छंदाचे मोठे रूप तिकडे दिसते. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि त्याच्या पत्नीला मायदेशी परतताना भारतातील लोकांची छायाचित्रे आठवण म्हणून न्यायची होती. हौशी अधिकाऱ्यांनी ती जमवली. १८५७ च्या उठावानंतर सरकारला प्रजेची माहिती हवीशी वाटू लागली आणि या खासगी संग्रहाला अधिकृत रूप आले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे ८ खंड निघाले. त्यांत ४६८ छायाचित्रे होती. त्यांतील बहुसंख्य माणसांना नाव नाही. चित्राखाली जात किंवा जमात लिहिली आहे, आणि सोबत त्या समाजाच्या स्वभावाविषयी, राजनिष्ठेविषयी शेरे.

१५. छंदाच्या मंडळातही सत्ता होतीच. १८५७ मध्ये कलकत्त्यात राजेंद्रलाल मित्र यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्यांवर टीका केली. हे थोर पुराविद्याविद बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीचे पदाधिकारी होते. भाषणाचा आणि छायाचित्रणाचा काडीचा संबंध नव्हता. तरी त्यांना संस्थेतून काढण्यात आले. कॅमेरा, काच, रसायने सर्वांना सारखीच होती. पण कोणी काय बोलावे याची मर्यादा दरवाजावरच ठरलेली होती. नारायण दाजींना मुंबईत मिळालेल्या जागेचे महत्त्व या घटनेशेजारी ठेवून पाहावे.

१६. मग या मंडळींचे मूल्यमापन कसे करावे? त्यांनी जिद्दीने एकेक प्रकार शिकून घेतला, आणि पुढच्या पिढ्यांना विजापूरचे, अजिंठ्याचे रूप त्यांच्यामुळे पाहता आले. त्याच हातांनी जिवंत माणसांचे नमुने केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी झाकण्याचे कारण नाही.

१७. आपल्यापैकी अनेक जण हातात कॅमेरा किंवा फोन घेऊन हेच सारे प्रकार शिकत आहेत. लेण्यांचे चित्र घ्याल तेव्हा तारीख आणि जागा लिहून ठेवा. चित्रात बदल केला असेल तर तेही लिहा. आणि बाजारातल्या भाजीवालीचे, घाटावरच्या गुरवाचे, यात्रेतल्या वासुदेवाचे चित्र घ्याल, तर आधी विचारा आणि नाव लिहून घ्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या ४६८ चित्रांपाशी आज आपण ज्या प्रश्नाने अडतो, ‘हा माणूस कोण होता?’, तो प्रश्न आपल्या चित्रांपाशी तरी कोणाला पडू नये.

थ्रेड समाप्त. आपल्या घरी जुने छायाचित्र असेल, तर आज घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यातील प्रत्येकाचे नाव विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने हलकेच लिहा.