तळटीप : गोल्डब्लाट यांचा चिमटा

१. गोल्डब्लाट यांचा चिमटा : हॅरी गोल्डब्लाट (१८९१–१९७७) हे अमेरिकेतील क्लीव्हलंडचे विकृतिशास्त्रज्ञ. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे शवविच्छेदन करताना मूत्रपिंडातील धमन्या अरुंद झालेल्या त्यांना वारंवार दिसत. रक्तदाबाने धमन्या बिघडतात, की धमन्या अरुंद झाल्याने रक्तदाब चढतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तरासाठी त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा छोटा चिमटा बसवून रक्तप्रवाह कमी केला. रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. हे निष्कर्ष १९३४ साली प्रसिद्ध झाले. त्यामागचे कारण पुढे उलगडले : रक्तपुरवठा घटला की मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म धमनीच्या भिंतीतील पेशी रेनिन स्रवतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रेनिनचा शोध टिगरस्टेट व बर्गमन यांनी स्टॉकहोममध्ये सशांच्या मूत्रपिंडावर काम करताना लावला होता. तो १८९८ साली प्रसिद्धही झाला, पण दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. आज घरोघरी घेतल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या हीच साखळी तोडतात; मधुमेहींच्या मूत्रपिंडांनाही त्या जपतात. म्हणून लेखकाने एका शब्दात केलेल्या या उल्लेखापाशी वाचकाने थांबावे, असे मनापासून वाटते. — संपादक